गेनूआप्पांनी न चमकवलेले पंखे

११ ऑक्टोबर, शनिवार. सहा पंखे गोणपाटात गुंडाळायचे, सुतळीनं आवळायचे आणि सोमवारी सकाळी टेम्पोत चढवायचे, एवढंच काम होतं. पंखे म्हणजे लाँचच्या मागे पाण्याखाली फिरतात ते. गनमेटलचे, म्हणजे तांबं-कथलाच्या मिश्रणाचे, तीन पात्यांचे, एकेक चौदा-पंधरा किलोचा. वेल्हे तालुक्यातल्या एका धरणावर नवीन बोटक्लब सुरू होतोय, त्यांची ऑर्डर. दिवाळीच्या सुट्टीत माणसं येणार, त्याआधी त्यांना बोटी पाण्यात हव्यात.

सुतळी कापली, पहिला पंखा गोणपाटावर ठेवला आणि माझा हात थांबला. सहाच्या सहा पंखे सॅटिन होते. गेनूआप्पांनी एकही चमकवला नव्हता. आणि आप्पा दसऱ्याला हत्यारांची पूजा करून, नारळ फोडून, गुडघे गेले म्हणून कायमचे घरी गेले होते.

यात एवढं अडण्यासारखं काय, हे कळायला आप्पा ठाऊक असावे लागतात. मला ते बावीस वर्षं ठाऊक होते, आणि त्यातली पंधरा मी त्यांच्यावर वैतागण्यात घालवली.

आमचं वर्कशॉप कामथडीच्या पुढे, हायवेपासून थोडं आत. पत्र्याची दोन शेड. सासऱ्यांनी विहिरीवरच्या पंपांचे भाग ओतायला सुरू केलेलं. पुढे धरणांवरच्या लाँचवाल्यांची कामं यायला लागली. ओतकाम माझा नवरा बघतो, बाकी सगळं मी. ओतून आलेला पंखा खडबडीत असतो. तो घासून आकारात आणला की शेवटचा हात फिरवायचे दोन प्रकार. एक पॉलिश, म्हणजे कापडी चाकावर मेण लावून इतकं चकचकीत करायचं की आपलं तोंड दिसावं. दुसरं सॅटिन, म्हणजे बारीक सँडपेपरच्या पट्ट्यानं एकाच दिशेनं घासून मंद उजळ ठेवायचं. पॉलिशवर शेवाळ जरा कमी धरतं, पाणीही थोडं सोपं सरकतं. सॅटिनवर ओरखडे उठून दिसत नाहीत आणि लाँचवाल्याला घरच्या घरी परत घासता येतं. गिऱ्हाइकाला मी दोन्ही सांगते, तो ठरवतो, मी कार्डावर लिहिते आणि कार्ड तारेनं पंख्याला बांधते. तिथं तो विषय संपायला हवा.

आप्पांच्या हाती गेलेला कुठलाच विषय कार्डावर संपत नसे.

ते मार्गासनीच्या पुढच्या, धरणाच्या पाण्यावरच्या एका वाडीतले. तरुणपणी तिकडच्या लाँचवर होते. पंख्यात जाळं किंवा वेल अडकला की बुडी मारून हातानं सोडवायचा, हे त्यांचं काम. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नाही, सगळं बोटांनी. नंतर आमच्याकडे आले ते फिनिशिंगला. पहिल्या एसटीनं यायचे, टोपी सरळ करायचे, भिंतीकडे तोंड करून बसायचे. रेडिओ नको, गप्पा नकोत. चाकावर काम करताना डोळ्यांना चष्मा लावायला हवा म्हणून मी तीन वेळा आणून दिला. तिन्ही कॅलेंडरच्या खिळ्याला ओळीनं लटकत होते. हातमोज्यांचं नाव काढलं की म्हणायचे, "मोजं घालून कुनी लेकराचं अंग तपासतं का?"

सरळ उत्तर द्यायचं नाही हा त्यांचा नेम होता. काम झालं का, तर "हुतंय." कधी होणार, तर "व्हईल की." चहा घेणार का, यालाही "बघू" म्हणायचे आणि बशी पुढे करायचे. सॅटिन या शब्दावर त्यांचा विशेष राग. "साटीन झंपराचं असतंय वैनी, पंख्याचं न्हाई," असं त्यांनी मला निदान पन्नास वेळा ऐकवलं असेल. आणि एखाद्या गिऱ्हाइकानं पॉलिशची फारच कौतुकं केली, की त्याच्या तोंडावर, "व्हय, माशांना टोपी नीट करायला बरं पडतं." गिऱ्हाईक गेल्यावर मी बोलायची. ते ऐकून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक, तेच मासे, तीच टोपी.

पंखा हातात घेतला की त्यांची एक पद्धत होती. कुदळीच्या दांड्याचा वीतभर तुकडा त्यांनी खिशात ठेवलेला असे. पंखा दोरीला टांगायचा, त्या तुकड्यानं एकेका पात्याच्या मुळाशी हलकेच मारायचं आणि ऐकायचं. ऐकताना तोंड उघडं. मग अंगठ्याचं नख ओलं करून पात्याच्या मुळापासून टोकापर्यंत ओढायचं, मग उलटं. एका पंख्याला अर्धा तास. मी दारात घड्याळ बघत उभी. मग पंखा मांडीवर घ्यायचे आणि कार्डाकडे ढुंकूनही न बघता काय करायचं ते करायचे.

भोरकडच्या एका मासेमारीच्या ठेकेदारानं पाच पंखे सॅटिन सांगितले. आप्पांनी चार चमकवले, एक सॅटिन ठेवला. मी कार्ड त्यांच्या नाकासमोर धरलं. वाचता येतं का, असं विचारलं. मला तो प्रश्न विचारायला नको होता, पण विचारला. ते म्हणाले, "चौथीपत्तूर येतंय." मग हे काय? "ज्येला जे साजतं ते." ठेकेदार आला. चार चकचकीत पंखे बघून तो खूश झाला, उरलेला का तसा, म्हणून त्यानं विचारलं. आप्पा म्हणाले, "ह्यो ठेवणीतला." ठेकेदारानं मान डोलावली, पाचही घेऊन गेला. म्हणजे गिऱ्हाइकाला सॅटिन हवं असताना आम्ही दुप्पट मेहनतीचं पॉलिश दिलं, आणि मी तोंड मिटून बसले, कारण गिऱ्हाईक खूश होतं. त्या दिवशी नवऱ्याला म्हटलं, हा माणूस एक तर हट्टी आहे नाही तर आळशी आहे, मला अजून कळत नाही. तो म्हणाला, आळशी माणूस पाचातले चार चमकवत नाही, चमकवला तर एक चमकवतो. नवरा कधीकधी मुद्द्याचं बोलतो.

यानंतरची गोष्ट मी कुणाला फारशी सांगत नाही.

पुण्याच्या एका गृहस्थांनी धरणाकाठी फार्महाऊस बांधलं होतं. त्यांची स्वतःची लाँच होती, पाहुण्यांना फिरवायला. दोन पंखे पाहिजेत, एक लावायला, एक जोडीला, आणि दोन्ही पॉलिश. लाँच काठावर ओढून ठेवली की पंखा लोकांना दिसतो, तो आरशासारखा दिसायला हवा. मी कार्डावर लाल पेननं, मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून 'पॉलिश' लिहिलं. आप्पांनी एक आरशासारखा केला. दुसरा सॅटिन.

त्यांचा ड्रायव्हर न्यायला दारात उभा. मी आप्पांना म्हटलं, एवढा चाकावर घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. आप्पांनी पंख्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "त्येला तसाच ऱ्हाऊ द्या, वैनी."

का, म्हणून विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं. ते उठले आणि नळावर हात धुवायला गेले.

माझं डोकं फिरलं. आमच्याकडे सुरेश म्हणून दुसरा कारागीर आहे, कामाला चोख, सांगितलं तेवढं करणारा. त्याला म्हटलं, घे चाकावर. सुरेशनं वीस मिनिटांत आरसा करून दिला. आप्पा हात पुसत परत आले, बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. त्या दिवशी चहाही घेतला नाही. मला वाटलं, रुसले.

तीन आठवड्यांनी फोन आला. पाण्याच्या मधोमध त्याच पंख्याचं एक पातं मुळापासून तुटलं. लाँच अशी हादरली की मागून पाणी आत यायला लागलं. आत नऊ माणसं, त्यात दोन म्हाताऱ्या आणि एक सहा महिन्यांचं बाळ. दोन तास ती माणसं डबे, टोप्या, जे हाताला येईल त्यानं पाणी उपसत बसली. वाडीतल्या लोकांनी त्यांची लाँच नेऊन ओढून आणलं. सगळे वाचले. बाळाच्या आईला नंतर दोन दिवस ताप होता, असं ड्रायव्हरनं सांगितलं.

तुटलेलं पातं आलं. मुळाशी पोकळी होती, काळी वाळू अडकलेली. ओतताना राहिलेला दोष. चाकावर घासताना धातू तापून ओढला जातो आणि वरची बारीक छिद्रं लिंपल्यासारखी बुजतात. म्हणजे जे थोडंफार दिसलं असतं ते मी वीस मिनिटांत झाकून दिलं होतं.

मी ते पातं नेऊन आप्पांच्या समोर ठेवलं. तुम्हाला ठाऊक होतं का, म्हणून विचारलं. नवरा मागे उभा होता. आप्पांनी पातं उचललं नाही. म्हणाले, "म्या चमकवलं व्हतं का त्येला?"

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. तसाच ऱ्हाऊ द्या म्हनलो."

मी तिथून निघून गेले. थांबले असते तर काही तरी लागणारं बोलले असते, आणि ते बोलायचा हक्क त्या दिवशी मला नव्हता.

उलगडा त्यांच्या बायकोनं केला. हौसाकाकू महिन्यातून एकदा बाजाराला आल्या की वर्कशॉपवर डोकवायच्या. मी तावातावानं सगळं सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं ते माझं. त्यांच्या वाडीत पाण्यात जाणाऱ्या वस्तूबद्दल वाईट बोलतच नाहीत, म्हणाल्या. पावसाळ्यात वाडीला लाँचशिवाय रस्ता नसायचा. लाँच गळते, दोर कुजलाय, इंजिन दगा देईल, असं कुणी तोंडानं म्हणायचं नाही. पाण्याला ऐकू येतं. मग गळती असेल तर करता काय? "लाँच आज आराम करतीया म्हनायचं. मानसं आपसूक बसत न्हाईत."

हसावं की कपाळ बडवावं कळेना. कपाळ बडवायला लागले तेव्हा आठवलं, बांगडी फुटली तर माझी सासूही 'वाढवली' म्हणायची आणि मला चुकूनही 'फुटली' म्हणू द्यायची नाही. पण बांगडीवर नऊ माणसं बसत नाहीत.

त्याच दिवशी भोरच्या त्या ठेकेदाराला फोन लावला. तुमचा तो पाचवा पंखा कुठं आहे? म्हणाला, शेडमध्ये खिळ्याला टांगलाय, कधी लावलाच नाही. का? "आप्पा म्हणाले होते ना, ठेवणीतला आहे म्हणून." वाडीला कळत होतं, भोरला कळत होतं. हायवेच्या कडेला बसून कार्डं लिहिणारी मी तेवढी अडाणी.

आता प्रश्न होता यापुढचा. मी आप्पांना खडू दिला. संशय असेल त्या पंख्यावर फुली मारा. ते म्हणाले, फुली म्हणजे बोलल्यासारखंच. लाल चिकटपट्टी दिली, ती त्यांनी गळणाऱ्या नळाला गुंडाळली. निदान मला बाजूला घेऊन कानात सांगा म्हटलं. वर्कशॉपमधून नसरापूरकडची ओढ्याची रेघ दिसते, तिकडे त्यांनी बोट केलं. पाणी होतंच जवळ.

शेवटी त्यांनीच तोड काढली. "चांगल्याला चांगलं म्हनाया काय हरकत न्हाई. चांगला आसंल तो म्या चमकवीन. बाकीचं तुमी बघा." म्हणजे पॉलिश झालेला पंखा पास, न झालेला भट्टीत. गिऱ्हाइकाला सॅटिनच हवं असेल तर आधी आप्पांनी पॉलिश करायचं, मग सुरेशनं त्यावर पट्टा फिरवून सॅटिन करायचं. एक काम दोनदा. जगातल्या कुठल्याही शहाण्या वर्कशॉपमध्ये असं होत नसेल. आमच्याकडे सात वर्षं झालं, आणि सात वर्षांत एकही पातं तुटलं नाही. मी लाल आणि पांढरा फवारा मारून भेगा बघायचं सामानही आणलं होतं. तेही मी वापरायची, कारण माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास आहे. पण त्या फवाऱ्यानं वर उघडलेली भेग दिसते, आतली पोकळी नाही. आप्पांनी भट्टीत पाठवलेल्यांपैकी निम्म्यांवर फवाऱ्याचा लाल ठिपकाही उमटायचा नाही. दर वेळी नवऱ्याचं तोंड उतरायचं, कारण ओतकाम त्याचं. दर वेळी आप्पा त्याच्यासमोर त्या पंख्याबद्दल एक शब्द काढायचे नाहीत. तो शिष्टाचार पाण्यासाठी होता की नवऱ्यासाठी, कोण जाणे.

आता या सहा पंख्यांकडे येते.

बोटक्लबच्या मॅनेजरनं सहाही सॅटिन सांगितले. सुरेश नवरात्रासाठी गावी. मी घाईत सहा कार्डांवर 'सॅटिन' लिहून आप्पांपुढे ठेवली. म्हटलं, आप्पा कार्ड बघतात कुठं, ते त्यांच्या रीतीनं चमकवतील, सुरेश आला की पट्टा फिरवेल. आप्पांचा तो शेवटचा आठवडा. मी दसऱ्याच्या फुलांच्या, पेढ्यांच्या, त्यांना द्यायच्या घोंगडीच्या गडबडीत. आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा या माणसानं कार्ड वाचलं आणि त्यावर लिहिलं होतं तसं काम केलं. सहाच्या सहा सॅटिन. सुंदर, एकसारखे, मुळापासून टोकापर्यंत रेघ न रेघ सरळ.

फवारा मारला. सहाही स्वच्छ. एक्स-रे काढायला पुण्याला पाठवायचे तर आठ दिवस. दांड्याचा तुकडा शोधला, तो आप्पा घेऊन गेले होते. लाकडी उलथन्यानं एकेक पातं वाजवून बघितलं. मला सहाही पंखे एकाच सुरात वाजल्यासारखे वाटले. नवऱ्याला म्हटलं तू ऐक. तो म्हणाला, मीच ओतलेत, मला ते चांगलेच वाजणार.

फोन करून आप्पांना विचारायचा प्रश्नच नव्हता. मी सहाही पंखे टेम्पोत टाकले आणि निघाले. नसरापूर, मार्गासनी, तिथून पुढे भात पिवळं पडलेलं, रस्त्यावर मधेच मेंढरांचा कळप, धनगराला हॉर्नचं काही नाही. वाडीत पोचायला दीड तास लागला.

आप्पा अंगणात बाजेवर, गुडघ्यांना पाल्याचा लेप लावून, वर फडकं बांधून बसले होते. आमची घोंगडी बाजेवर अंथरली होती. मला बघून त्यांना काही विशेष वाटलं नाही, जणू मी रोजच टेम्पो घेऊन येते. मी बोलायला सुरुवात केली. कार्ड का वाचलंत, म्हणून आधी भांडले. ते म्हणाले, "तुमीच म्हनत व्हता बावीस वरसं, कार्ड वाचा कार्ड वाचा. म्हनलं जाताजाता ऐकावं बाईचं."

हौसाकाकू पदरात तोंड लपवून हसल्या. मी हसले नाही.

मी म्हटलं, आप्पा, बोटक्लब आहे, लोक लेकरंबाळं घेऊन बसणार. यातला कुठला पाठवायचा नाही, तेवढं सांगा. त्यांनी लांब पाण्याकडे बघितलं. वाडीतून पाणी सगळीकडून दिसतं. म्हणाले, "उतरवा."

सहाही पंखे अंगणात गोणपाटावर मांडले. आप्पा बाजेवरून खाली सरकले, गुडघे लांब करून बसले, खिशातून तो दांड्याचा तुकडा काढला. जांभळीच्या फांदीला दोरी बांधून एकेक पंखा टांगायचा, वाजवायचा, नख फिरवायचं. तोंड उघडं. शेजारची दोन माणसं येऊन उभी राहिली, पण कुणी काही विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं काय चाललंय. मी एकटीच अस्वस्थ, कारण अंधार पडायच्या आत मला परत यायचं होतं आणि ते एकेका पात्याशी जणू सोयरीक जुळवत होते.

सगळे झाल्यावर त्यांनी हौसाकाकूंकडून चुलीतली राख, गोडं तेल आणि जुनं धोतर मागून घेतलं. एक पंखा ओढला, राखेत बोट बुडवलं आणि एका पात्याच्या मुळाशी घासायला लागले. चाक नाही, मेण नाही, नुसता अंगठा आणि धोतर. दहा मिनिटांनी तिथं जुन्या रुपयाएवढी जागा लखलखली. तो पंखा बाजूला ठेवला. दुसरा. तिसरा. चौथा. त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता. मी म्हटलं, आप्पा, नुसतं बोट दाखवा की, मला कळेल. त्यांनी परत राखेत बोट बुडवलं.

चार झाले. उरलेल्या दोनांवर त्यांनी गोणपाट ओढलं, हात धोतराला पुसले आणि परत बाजेवर चढायला लागले.

"आणि हे दोन, आप्पा?"

"च्या घ्या, वैनी."

चहा घेतला. दुसरं करणार काय. बशीतून, भरपूर साखरेचा. निघताना शेजारच्यांनी लखलखता ठिपका असलेले चार पंखे उचलून टेम्पोत ठेवले. ते ठेवताना आप्पा बाजेवरून सांगत होते, पाती वर करा, एकमेकांवर घासू देऊ नका, मधे पेंढा घाला. मग ती माणसं एकेक करत पांगली. उरलेल्या दोन पंख्यांना कुणी हात लावला नाही. तीस किलो वजन मी स्वतः, दोन खेपांत, उचलून नेलं. तेवढा वेळ आप्पा माझ्याकडे पाठ करून, घोंगडीची दशी ओढत, हौसाकाकूंना शेळीला पाला टाकला का म्हणून विचारत होते. फळी लावून मी येते म्हटलं तेव्हा वळले आणि हात वर केला. अंगठा राखेनं काळा झालेला होता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी नवऱ्याला उठवलं आणि ते दोन पंखे करवतीच्या मशीनवर चढवायला लावले. मला ठाऊक करून घ्यायचं होतं. पहिल्याच्या दुसऱ्या पात्याच्या मुळाशी करवत पोचली आणि तुरीच्या दाण्याएवढी पोकळी उघडली. आत वाळू. नवऱ्यानं दुसरा पंखा चढवला.

दुसऱ्याची तिन्ही पाती कापली. मधला गोळा उभा कापला, मग आडवा. खरवस कापावा तसा सलग निघाला. भिंग लावून बघितला. फवारा मारला. काही नाही. सुईचं टोक जाईल एवढंही छिद्र नाही. चांगला पंखा होता, निदान मला दिसलं तेवढ्यात तरी, आणि आम्ही त्याचे सात तुकडे केले होते. परत वाडीला जाऊन विचारावं, असं एक क्षण वाटलं. तिथं मला चहा मिळाला असता.

मी मॅनेजरला फोन लावला. सोमवारी चार पंखे येतील, दोन दिवाळीनंतर. चारांच्या पात्यावर एकेक चकचकीत ठिपका असेल, तो घासून काढू नका. दोनांचं काय झालं, म्हणून त्यानं विचारलं. मी सरळ सांगितलं. एकात आत पोकळी होती. दुसऱ्यात काही सापडलं नाही, पण दोन्ही मोडीत काढले.

"मॅडम, सापडलं नाही तर तो का मोडीत?"

"आमच्या माणसानं त्याला पॉलिश केलं नाही म्हणून."

मग तो अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "पण मॅडम, आम्ही तर सॅटिनच मागितलं होतं."

मी म्हटलं, सोमवारी चार येतील. फोन ठेवला, दोन्ही पंख्यांचे तुकडे घमेल्यात भरले आणि भट्टी पेटवायला गेले.